एकसष्ट चित्रं

“माशा!” मांडीवरच्या पोरीने टेबलावरच्या कागदावर बोट ठेवलं.

“मासा,” पोलीस ठाण्यातला साहेब हसला. “बघा वहिनी, दीड वर्षाच्या पोरीला वाचता येतं आणि तुम्हाला येत नाही?”

तिच्या फोनमधली एकसष्ट चित्रं छापून मांडली होती. झिजलेल्या दगडावर कोरल्यासारखे मासे, बैल, चाकं, फणीसारख्या रेघा. बघणाऱ्याला वाटावं, कुणाला तरी जुन्यापुराण्या वस्तूंचा नाद आहे. खरं तर ते साधे मेसेज होते. सॉफ्टवेअर तिच्या नवऱ्यानेच बनवलेलं. मेसेज लिहिला की त्याचं चित्र व्हायचं, पासवर्ड टाकला की चित्राचे पुन्हा शब्द.

संप मोडल्यावर लपलेल्या कामगारांना तो असेच निरोप पोचवतो, असा आरोप होता. चाळीस दिवस तो आत होता आणि पासवर्डबद्दल तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. मागच्या भेटीत त्याच्या डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती.

तिला त्याचा रागच आला होता. कशापायी हा हट्ट? या चित्रांत काय आहे, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

“घरचंच बोलणं असेल तर लपवायचं कशाला?” साहेबाने पोरीपुढे बिस्किट धरलं. “उघडून दाखवा. संध्याकाळी नवरा घरी.”

तिने पोरीला छातीशी घट्ट धरलं.

“बुंगा,” ती साहेबाला म्हणाली.

“काय?”

“पासवर्ड. ही पाण्याला बुंगा म्हणते.”

शेजारच्या कारकुनाने तो कॉम्प्युटरवर टाकला. मासे विरले, बैल विरले. साहेब मोठ्याने वाचू लागला. पोरीचा ताप उतरला का. येताना साबण आण. सोड ना गं आता राग. कारकून फिस्सकन हसला. तिचे कान तापले, पण चाळीस दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला.

“खरंच की, सगळं घरगुतीच,” साहेब म्हणाला आणि कारकुनाकडे वळला. “आता ह्यांच्या मिस्टरांच्या फोनमधली घे.”

“ती माझी नाहीत, साहेब.”

“ठाऊक आहे.”

दोन वेगळे पासवर्ड तिच्या नवऱ्याच्या डोक्यात कधी राहिलेच नव्हते. बँकेला तोच, मेलला तोच, सगळीकडे तोच.

पहिलंच चित्र उघडलं. कारकून सपाट आवाजात वाचू लागला, “भावोजी, जागा बदलली. बंद छापखान्याच्या वरची खोली. ताईला मात्र सांगू नका. ती घाबरली की सगळं बोलून बसते.”