गोल भोक

युद्धावरून परतल्यापासून लोर्नाच्या बाबांनी खारींच्या शिकारीला जाणं सोडलं होतं. "डोळे अधू झालेत," म्हणायचे. पण शेजारच्या रानात बार उडाला की त्यांच्या हातातली कॉफी सांडते, हे लोर्नानं पाहिलं होतं.

म्हणून ती घरीच काडतुसं भरायला बसली. दारू कमी घालून, टाळीएवढाच आवाज होईल अशी. आवाज उतरला, पण मंद सुटलेली गोळी वाटेतच कोलांट्या खायची आणि कुंपणावर टांगलेल्या कागदावर आडवी आदळून लांबट भोक पाडायची.

"किल्ली घालायला बरंय," नवऱ्यानं टोमणा मारला. "आता कुलूप शोध."

ती हटली नाही. दारू बदलून पाहिली, गोळी खोल बसवून पाहिली. शेवटी ध्यानात आलं, जुन्या बंदुकीच्या नळीत गोळीला फिरवणारे पीळ विरळ होते. एवढ्या लांब गोळीला त्यातून पुरेशी गिरकीच मिळत नव्हती. मग तिनं शिसं वितळवून आखूड गोळ्या ओतल्या.

बाबा ओसरीवर झोपलेल्या नातीला मांडीवर घेऊन बसले होते. लोर्नानं बार उडवला. नात जागी झाली नाही, आणि तिला थोपटणारा बाबांचा हातही थांबला नाही. लोर्ना कागद काढायला कुंपणाकडे निघाली, तोच ओसरीवरून हाक आली, "गोल पडलंय गं, पोरी!"

ती वळली. "आणि डोळे अधू ना तुमचे?"

बाबांनी घसा खाकरला. "अधूच आहेत. उद्या रानात तू पुढं चाल."