ताईंच्या जागेवरचं पुस्तक

ड्रॉवर उलटा करून झाडला तरी कापडाची एकही पट्टी निघाली नाही. दोन टाचण्या पडल्या आणि थोडी धूळ. बारकीने तो परत जागेवर सरकवला.

वाचनालय उघडायची वेळ झाली होती. दाराशेजारी ‘आम्हांला आवडलेली पुस्तकं’ नावाची मांडणी होती. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याची एक जागा आणि जागेखाली नावाची पाटी. वाचकाने पुस्तक नेलं की त्या कर्मचाऱ्याने संध्याकाळपर्यंत तिथे दुसरं ठेवायचं, असा शिरस्ता. इथल्या मोठ्या ताई वारल्या त्याला सहा महिने होत आले तरी त्यांची पाटी अजून होती. ग्रंथपाल साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण नियमाला पक्के. "जागा भरलेली असेल तोवर राहू दे. रिकामी दिसली की पाटी काढू," एवढं ते एकदाच बोलले होते.

तेव्हापासून ती जागा बारकी भरत होती. परत आलेली पुस्तकं घ्यायची, शिक्का मारायचा, जागच्या जागी लावायची, हे तिचं काम. वाचनाचं म्हणाल तर तिचं आणि पुस्तकांचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य. ज्याच्या कडा जास्त मळलेल्या ते पुस्तक चांगलं, असा तिचा सरळ हिशोब होता.

ताईंच्या जागेवरची पुस्तकं नेणारा वाचक एकच, ताईंचे यजमान, शिंपीकाका. ताई गेल्यावर ते पहिल्यांदा आले आणि पाटीसमोर इतका वेळ उभे राहिले की बारकीला बघवेना. "ताईंनी पुष्कळ निवडून ठेवलीत काका. एकेक करून न्या," तिने थाप ठोकून दिली. ती थाप आता तिच्या गळ्यात पडली होती.

कारण नुसतं पुस्तक ठेवून भागत नसे. ताई आपल्या प्रत्येक पुस्तकात कापडाची एक पट्टी घालायच्या, काकांच्या दुकानातल्या कातरणाची. "पट्टीपर्यंत वाचा. नाही आवडलं तर आणून द्या, मी रागावणार नाही," असं वाचकाला सांगायच्या. आणि निघताना बजावायच्या, "उजेडात वाचा हो, अंधारात डोळे जातात." त्यांनी कापून ठेवलेल्या पट्ट्यांवरच बारकीने आजवर निभावून नेलं होतं. नवीन येणार कुठून? ताई गेल्या आणि काकांनी मशीन झाकून ठेवलं.

तिने स्वतःचा रुमाल कापायला घेतला आणि परत खिशात कोंबला. ज्या माणसाचा जन्म कापडात गेला त्याला हा रुमाल काय फसवणार? शेवटी पुस्तक तिने तसंच ताईंच्या जागेवर ठेवलं, पट्टीशिवाय. दार उघडलं आणि काउंटरवर बसून राहिली. मांडणीवरची नजर काही तिने हलवली नाही. दोघं वर्तमानपत्र वाचून गेले, एक बाई नाव नोंदवून गेली. मांडणीकडे कुणी फिरकलं नाही.

शिंपीकाका आले, ताईंच्या जागेवरचं पुस्तक घेऊन थेट काउंटरपाशी आले. त्यांनी ते उघडलं आणि बराच वेळ वाचत राहिले.

"पोरी, एक सांगू?"

बारकीने मान खाली घातली. आता कबूल करून मोकळं व्हावं, असं तिला वाटत होतं.

"ही पुस्तकं तिने निवडलेली नाहीत, हे मला पहिल्याच खेपेला कळलं होतं."

"काका, मी..."

"तू पट्टी ठेवायचीस प्रकरण संपतं तिथे. ती कधी तशी ठेवायची नाही. म्हणायची, प्रकरण संपलं की माणूस पुस्तक मिटतो आणि घोरायला लागतो. दार वाजलंय, पण कुणी उघडलेलं नाही, अशा जागी पट्टी ठेवावी. मग त्याला पुस्तक मिटवत नाही."

बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग तुम्ही येत का राहिलात?"

"तू एवढं जिवापाड करत होतीस, तुझं मन मोडवेना. आणि घरी तरी मी काय करणार होतो?" काका हसले. "पण शिकलीस हं. आज अगदी बरोबर जागी ठेवलीस."

त्यांनी पुस्तक तिच्यासमोर धरलं. पानांच्या मधोमध निळ्या कापडाची एक पट्टी होती, एका बाजूला किंचित तिरकी कापलेली, ताई कापायच्या तशी. बारकीने ती ओळ वाचली. गोष्टीतल्या घरात कुणीतरी दार वाजवत होतं आणि आतली माणसं एकमेकांकडे बघत होती.

आपला चेहरा काकांना दिसू नये म्हणून तिने पटकन खाली वाकून शिक्का उचलला.

"हो," ती म्हणाली. "शिकले हळूहळू."

काका पुस्तक काखेत मारून गेले. कधी नव्हे ते त्यांची पावलं जरा झपाझप पडत होती.

संध्याकाळी रिकाम्या जागेवर बारकीने दुसरं पुस्तक ठेवलं. मळलेल्या कडांचं, आणि मुद्दाम पट्टीशिवाय. खिडक्या लावल्या, पंखे बंद केले, एकेक करून दिवे मालवले. मांडणीवरच्या दिव्याच्या बटणापाशी मात्र तिचा हात थांबला.

तो एक दिवा चालू ठेवून तिने बाहेरून कुलूप लावलं. अंधारात वाचायचं म्हणजे डोळ्यांना त्रासच.