तीन नंबरचा चष्मा

"चष्म्याचा नंबर किती हाय तुमचा?" मुलीच्या बापानं, पुंजाजीनं, विचारलं.

मुलगी पाहायला आलेल्या देवमननं पाण्याचा गिलास खाली ठेवला. "तीन," तोंडाला आलं ते तो बोलून गेला.

नंबर नव्हताच. नुसती काच होती. मॅट्रिकला दोनदा आपटल्यावर त्यानं तो चष्मा कारंजाच्या बाजारातून आणला आणि त्या दिवसापासून त्याच्या गावी, धनजच्या स्टँडवर लोक त्याला मास्तर म्हणू लागले. ते ऐकायला इतकं गोड लागलं, की गडी आता शेतात वखरामागंही चष्मा लावून चालायचा. आधी दोन ठिकाणी मुलीवाल्यांनी नकार दिला, तेव्हा त्यानं चष्मा लावला नव्हता. म्हणून आज मुलीच्या गावी, शेलूबाजारला जीपमधून उतरताना ग्यानबामामानं बजावलं होतं, "जीव गेला तरी काढू नको."

"तीन म्हणजे लहानपणीच लागला असन," पुंजाजी म्हणाला.

"हो."

"घरी कोणी काही म्हणत नाही ना?"

"चष्म्याले? कोण काय म्हणन?"

पुंजाजीनं मान हलवली. पण त्याची नजर चष्म्यावरून हलेना. देवमननं चष्मा नाकावर घट्ट बसवला. ह्या माणसाला संशय आलाय, त्याला वाटलं.

तेवढ्यात वच्छला चहा घेऊन आली. मॅट्रिक पास झालेली, मान खाली. नवरदेवाचा कप तिनं थेट ग्यानबामामापुढं धरला.

"अवो बाई, नवरदेव तिकडं हाय!" मामा म्हणाला. घर हसलं. ती लालबुंद झाली.

मग रीतीप्रमाणं तिच्यापुढं सुपात तूर ठेवली. सूप पार नाकाशी धरून तिनं एकेक खडा वेचून काढला.

"कामात कशी गुतते पाहा," मामा खूश झाला.

देवमनला ती फार आवडली. पण तिनं एकदाही त्याच्याकडं पाहिलं नव्हतं. अशा मुलीला फसवून घरी न्यायचं? उद्या कळलं तर ती काय म्हणेल?

हात धुवायच्या निमित्तानं तो मागच्या अंगणात गेला. पाणी घालायला वच्छलाच आली. सांगून टाकावं, त्यानं ठरवलं.

"मले एक सांगायचं हाय तुमाले."

"आधी माझं ऐका," ती हळूच म्हणाली. "चहा देताना मी लाजून नाही चुकली. हातभराच्या पुढचं माणूस मले वळखू येत नाही. चष्मेवाली पोरगी कोणी करत नाही, म्हणून बाबानं माझा चष्मा पेटीत लपवला. तुमी चष्मा लावता हे कळलं, तवाच बाबानं तुमाले बोलावलं. आपल्या पोरीले हाच माणूस समजून घेईन म्हणे."

तिनं ओला हात पदराला पुसला आणि पुढं केला.

"माझाबी नंबर तीनच हाय. जरा देता का? एकदा तुमचं तोंड पाहू द्या."