रविवारची शाळा

ईप्सिता दर रविवारी जर्मनीतल्या मानहाइमच्या एका हॉलमध्ये रोलर डर्बी खेळायची. पायांत चाकांचे बूट, डोक्यावर हेल्मेट आणि खांद्याने धडका देत आडव्या येणाऱ्या धिप्पाड बायका. सांगलीत एकट्या राहणाऱ्या आईच्या जिवाला घोर नको, म्हणून तिने सांगून ठेवलं होतं की रविवारी मी मराठी शाळेत मुलांना शिकवते. दंडावरचे काळेनिळे डाग दिसू नयेत म्हणून व्हिडिओ कॉलला ती भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालायची.

त्या रविवारी ती मानेवर आदळली. "पाय आहेत की नाहीत तेच कळत नाहीये," एवढं कॅप्टन कार्लाला जर्मनमध्ये सांगून झालं आणि मग ती नुसती "आई, आई" करत राहिली. कार्लाने क्लबच्या फॉर्मवरचा सांगलीचा नंबर स्वतःच्या फोनवरून लावला आणि इंग्रजीत सगळं सांगितलं. पलीकडून शांत आवाज आला, "माझी मुलगी आत्ता शाळेत शिकवतेय," आणि फोन कट झाला. पुन्हा लावला, तर लागेचना.

अ‍ॅम्ब्युलन्स आली तोवर ईप्सिताची शुद्ध हरपली होती. तिच्या बॅगेतल्या फोनवर आईच्या फोटोसकट एक मेसेज उजळला. कार्लाला ती लिपी येत नव्हती, तरी तिने तो ईप्सिताच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर धरला.



"इपू, तू शिकवलंस तस्संच केलं बघ. मुलीला अपघात झालाय म्हणून एक फ्रॉड कॉल आला होता. मी जराही घाबरले नाही, कापला आणि लगेच ब्लॉक केला. शाळा सुटली की शाबासकी दे."