हातमोज्यांतल्या टाळ्या

सोळावा गोल झाला तशी स्वीडनच्या प्रशिक्षक गुनेलबाईंनी कठड्यापाशी उभ्या राहून तळहात खाली दाबला. पुरे आता. मग बर्फाच्या त्या लांबरुंद मैदानावर लाल चेंडू नुसता या काठीवरून त्या काठीवर फिरायला लागला. एस्टोनियाच्या गोलाकडे कुणी येईचना.

बँडी म्हणजे स्केट घालून बर्फावर खेळायची चेंडूची हॉकी. महिलांची जागतिक बँडी स्पर्धा यंदा स्वीडनमधल्या आमच्या गावात होती. आमची माणसं भारी सभ्य. मांडीवर कॉफीचा थर्मास, हातात सॉसेज आणि हरणाऱ्यांसाठी टाळ्या, त्याही हातमोजे न काढता. एस्टोनियाच्या एखादीची काठी चेंडूला नुसती लागली, की वर प्रेक्षकांतून थप् थप् थप्.

एस्टोनियाची गोलरक्षक पीरेत हे सगळं ऐकत होती. एरवी ती तालिनमध्ये ट्राम चालवते. स्पर्धेसाठी रजा टाकून, रात्रभर बोटीत बसून आली होती. बँडीत गोलरक्षकाला काठीही नसते, नुसत्या अंगानं अडवायचं.

तेवढ्यात स्वीडनची हेडविग एकटीच तिच्यासमोर आली. सोळातले निम्मे गोल हिचेच. पीरेत गुडघ्यात वाकली, हात पसरले. आणि हेडविगनं तान्ह्या पोराकडे सोडावा तसा चेंडू अलगद तिच्या हाताशी घरंगळत सोडला.

थप् थप् थप्. "शाबास गं पोरी!" वरून एक आजोबा ओरडले.

पीरेतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तोच चेंडू परत हेडविगच्या काठीपुढे फेकला.

"मार!" ती मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये ओरडली.

"नको गं. बाई नको म्हणाल्यात."

"मग तुमच्या बाईंनाच पाठव खेळायला!"

एस्टोनियाची कर्णधार एवेली तीरासारखी आली. "डोकं फिरलंय का तुझं? सोळावर सुटतोय तर सुटू दे की! घरी काय तोंड दाखवायचं?"

"हे असलं सुटून काय तोंड दाखवणारेस?"

पंच शिट्टी फुंकू की नको, या पेचात. पीरेत हेडविगकडे वळली. "मी रात्रभर बोटीत उलट्या करत आलेय. तुझी दया घ्यायला नाही आले. मारायची हिंमत नसेल तर हो बाजूला, दुसरीला येऊ दे."

हेडविगच्या कानशिलापर्यंत लाली चढली. तिनं काठी मागे नेली आणि हाणला. चेंडू पीरेतच्या कानाजवळून सणसणत जाळ्यात गेला.

"सॉरी," हेडविग सवयीनं म्हणाली.

"सॉरी गेलं खड्ड्यात! परत ये."

ती परत आली. अठरा. एकोणीस. गुनेलबाईंचा हात हलवून हलवून दुखायला लागला; हेडविग तिकडे बघतच नव्हती. एवेली पीरेतशी बोलायची बंद झाली आणि बाकीच्या पोरी पाठ फिरवून उभ्या राहायला लागल्या. विसावा गोल पीरेतच्या बोटांना चाटून गेला.

पुढचा फटका खालच्या कोपऱ्यात आला. पीरेतनं अंग झोकून दिलं. चेंडू मनगटावर आदळला आणि खांबाबाहेर गेला. कळ थेट खांद्यापर्यंत चढली.

"सैतानाची अवलाद!" हेडविगनं काठी बर्फावर आपटली. "मर मेले तू, मर!"

आख्ख्या मैदानानं ते ऐकलं. आमच्या गावात असं बोलत नाहीत, निदान पाहुण्यांना तरी नाही. पंच कार्ड काढतच हेडविगकडे निघाले. एवेली हळूच म्हणाली, "चला, एकदाची ब्याद टळली."

पीरेत दुखरा हात पोटाशी धरून उठली आणि पंचांच्या आडवी जाऊन उभी राहिली.

"तिला काढू नका," ती म्हणाली. "इथे माझ्याशी खेळणारी ती एकटीच आहे."