आडवा शिपाई

“एक जरी शिपाई माझ्या अंगावर पडला, तर फळी उतरवायची. कायमची,” सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं मान डोलावली. युद्धाच्या खेळासाठी ही फळी तिनंच बनवली होती. वर पत्रा, एका कडेला बिजागऱ्या. खेळताना दिवाणावर उतरायची, सासूबाईंच्या वामकुक्षीला भिंतीला लागायची. भावाबरोबरचा अर्धा डाव रविवारपर्यंत टिकावा म्हणून प्रत्येक शिपायाच्या पायाखाली तिनं चुंबक चिकटवला होता.

तिनं फळी वर उचलून कडी लावली. सैन्य जागचं हललं नाही. सासूबाई खाली आडव्या झाल्या.

टप्प.

सासूबाईंनी पोटावरचा शिपाई उचलून निरखला. “चुंबक तर आहे याला.”

“हा मघाशी मेला, आई. मेलेल्याला आम्ही आडवं ठेवतो, मग पायाखालचा चुंबक जेमतेम कडेनं टेकतो. माझ्या लक्षातच नाही आलं.” तिनं फळी उतरवायला स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

सासूबाई भिंतीवरच्या सैन्याकडे बघत राहिल्या.

“ठेव तो. मेलेल्याला कुठे मोजायचं?” त्यांनी शिपाई उशाशी ठेवला. “मारलं कुणी याला?”

“दादानं.”

“येऊ दे रविवारी. बघतेच त्याला.”