खालून झालेला मारा

पेगी खाली स्वयंपाकघरात गेल्याची ॲलेकनं खात्री करून घेतली, मग डॉक्टर श्यामलाला दार लोटायला सांगितलं.

एडिनबरातल्या या घरी श्यामला कित्येक वर्षं डॉक्टर म्हणून येत होती. ॲलेकची फुप्फुसं आता थकली होती, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

"तुमची मुलगी लढाईतल्या विमानांवर संशोधन करते ना?" त्यानं विचारलं.

मग तो अडखळत बोलत राहिला. युद्धात तो बॉम्बफेकी विमानात शेपटाकडची बंदूक चालवणारा गनर होता. चव्वेचाळीस साली जर्मनीवरच्या एका रात्रीच्या हल्ल्यात एक काळी सावली त्यांच्या मागे अगदी जवळ आली. आधी गोळी झाडा, मग विचार करा, असं शिकवलेलं. त्यानं झाडली. सावली भडकली, आणि त्या उजेडात तिच्या अंगावरची अक्षरं दिसली. विमान त्यांच्याच तुकडीचं होतं. चालवत होता त्याचा मित्र डेव्ही.

पेगी ही डेव्हीची विधवा. युद्ध संपल्यावर ॲलेकनं तिच्याशी लग्न केलं, डेव्हीच्या पोराला आपलं म्हणून वाढवलं.

"पेगीला हे कळता कामा नये," तो म्हणाला. "पण खरंच मीच का, एवढं जाण्याआधी कळू दे."

श्यामलाची मुलगी मालविका मँचेस्टरला रात्रीच्या हल्ल्यांतली इतकी विमानं का परतली नाहीत, याच विषयावर पीएचडी करत होती. तिनं मुलीला फोनवर तारीख आणि विमानाची अक्षरं तेवढी दिली.

"आई, तू? टेलीवर वॉर फिल्म लागली की तू चॅनल बदलतेस. पेशंट आहे का कोणी?"

"तू शोध. मला विचारू नकोस."

"म्हणजे पेशंटच."

काही दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा आवाजात थट्टा नव्हती. काही जर्मन विमानांच्या तोफा वर तिरक्या बसवलेल्या असत, तिनं सांगितलं. ती बॉम्बफेकी विमानांच्या पोटाखाली येत. तिथलं वरच्यांना काही दिसत नसे. त्या माऱ्याची रेघही अंधारात उमटत नसे. त्यामुळे कारणाशिवाय पेटलेलं विमान पाहिलं की माणसं कारण शोधत बसत, आणि एखाद्याला आपलीच बंदूक आठवे. त्या रात्री, त्याच जागी, एका जर्मन वैमानिकानं असा मारा केला होता. शिवाय डेव्हीच्या विमानातला एकजण पॅराशूटनं वाचला होता. फ्रँक नावाचा. तो अजून कॅनडात होता आणि मालविका त्याच्याशी बोललीही होती.

"तो म्हणतो, खालून गोळे लागले, आमचं विमान कलंडलं, म्हणून पुढच्या विमानाच्या मागे गेलं. त्या विमानाच्या शेपटाकडच्या गनरचे बुलेट्स तर आमच्या वरून गेले." ती थांबली. "आई, तुझ्या पेशंटला सांग. त्यानं कोणाला नाही मारलं."

दुसऱ्या दिवशी श्यामला नेहमीच्या वेळेआधीच पोचली. ॲलेकचा नुकताच डोळा लागला होता. उठेपर्यंत थांबते, त्यांच्याशी जरा एकट्याशी बोलायचंय, असं तिनं पेगीला सांगितलं.

पेगीनं किटली गॅसवर ठेवली आणि स्वयंपाकघराचं दार लावलं. "डेव्हीच्या विमानाचं काही कळलं का?"

श्यामला चपापली. "त्यांनी तुम्हाला सांगितलंय?"

"तो कुठला सांगतोय. झोपेत बोलतो."

मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. श्यामलानं सगळं सांगितलं, फ्रँकचंही. पेगी स्वच्छ ओटा पुन्हा पुसत होती. ती रडेल असं श्यामलाला वाटलं होतं.

"मी उठवतेच त्यांना," श्यामला म्हणाली. "निदान शांतपणे तरी जातील."

पेगी दारात येऊन उभी राहिली.

"बसा, डॉक्टर. त्याला यातलं काही सांगायचं नाही."

वरच्या खोलीत ॲलेक खोकला. खोकला थांबेपर्यंत पेगी छताकडे बघत राहिली.

"चांगला देखणा, एकटा माणूस दर रविवारी कोळसा घेऊन एका लेकुरवाळ्या विधवेच्या दारात का येतो, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते," ती म्हणाली. "फ्रँक कैदेतून सुटला, तो कॅनडाला जायच्या आधी मला भेटायला आला होता, सगळं सांगून गेला. तेव्हा ॲलेकनं मला अजून लग्नाचं विचारलं नव्हतं."